अंकुश, त्या पिवळ्या टेस्ट माझ्या होत्या

अंकुश, तो तक्ता अजून माझ्याकडे आहे. जुन्या लॅपटॉपवर, 'फ्रेमवर्क निवड' नावाच्या फोल्डरमध्ये. तू गेल्याचा वहिनींचा फोन आला त्या दुपारी मी काय केलं असेल, तर माळ्यावरून तो लॅपटॉप काढला, त्याचा चार्जर शोधला आणि तो तक्ता उघडून बसलो. बायको म्हणाली, "अहो, निघायचं सोडून हे काय काढलंत?" तिला काय सांगणार? माणूस गेल्यावर लोक त्याचे फोटो बघतात, आणि मी तुला हरवण्यासाठी केलेला तक्ता बघत होतो. आज लाजच वाटून घ्यायची आहे, तर सुरुवातीपासून वाटू दे.

तुझी लेक हे कधीतरी वाचेल, म्हणून थोडं सोपं करून सांगतो. तूच एकदा आबांना, तुझ्या वडिलांना, सांगितलं होतंस तसं. संक्रांतीला आपण दोघं गावी गेलो होतो, सोयगावच्या पुढं, आणि तुमच्या मेंढ्या आमच्या शेतात बसल्या होत्या. दर हिवाळ्यात बसायच्या. त्यांच्या लेंड्यांनी रान कसदार व्हायचं आणि आमचे वडील गावभर मिरवायचे की आमच्या शेताला बाहेरचं खत लागत नाही. त्या दिवशी आबांनी विचारलं, "तुमी दोघं हापिसात करता तरी काय?"

तू म्हणालास, "आबा, आमी प्रोग्राम लिहितो. मंग त्याच्या एकेका तुकड्याला इचारतो, तू नीट चालतो का. हे इचारायचं काम बी एक प्रोग्रामच करतो. बरोबर असलं की हिरवं, चुकलं की लाल."

"म्हंजी सांजच्याला मेंढरं बघावं तसं," आबा म्हणाले. ते तेव्हा तेच करत होते. जाळीच्या तोंडाशी उकिडवे बसून एकेका मेंढीच्या पाठीवरून हात फिरवायचा, खूर उचलून बघायचा, आणि मगच तिला आत सोडायचं. मी बांधावर उभा होतो. मला थंडी वाजत होती आणि घरी जायचं होतं.

त्या एकेका तुकड्याच्या तपासणीला आपण युनिट टेस्ट म्हणतो, आणि अशा शेकडो टेस्ट चालवून निकाल दाखवणारी तयार व्यवस्था म्हणजे फ्रेमवर्क. आपल्यापुढं दोन होती. जुन्यात प्रत्येक टेस्ट स्वतंत्र असायची, स्वतःच्या पायावर उभी. नव्यात टेस्ट एकमेकींना बांधता यायच्या. म्हणजे पहिली पडली, तर तिला बांधलेल्या पुढच्या टेस्ट चालवायच्याच नाहीत, त्यांच्यापुढं नुसतं पिवळं, 'वगळली' एवढंच. वेळ वाचतो. शिवाय नव्यात रंगीत आलेख निघायचे आणि ते मोठ्या पडद्यावर छान दिसायचे.

नवं फ्रेमवर्क वाईट नव्हतं. भल्याभल्या टीम ते वापरतात आणि नीट वापरतात. पण मला ते का हवं होतं, हे तू गेल्यावर तरी खरं सांगतो. पुण्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण करून आलो होतो. तिथली मुलं त्या फ्रेमवर्कचं नाव असं घ्यायची की जणू ते न वापरणारे अजून पाटीवर लिहितात. मला ते नाव माझ्या बायोडेटात हवं होतं. एवढंच होतं, अंकुश. बाकी सगळे मुद्दे मी नंतर जमवले.

तक्त्यात डावीकडे मुद्दे, मधे जुनं, उजवीकडे नवं. नव्याच्या रकान्यात बरोबरच्या खुणा ओळीनं. जुन्याच्या रकान्यात 'मर्यादित', 'मर्यादित', 'नाही'. तू एक पान हातानं लिहून दिलं होतंस, तक्त्यासोबत साहेबांपुढं ठेवायला. ते मी ठेवलंच नाही. तुला वाटलं, साहेबांनी वाचलं आणि त्यांना पटलं नाही. तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. ते पान कुठं गेलं, हे मलाही आता माहीत नाही.

त्या दिवशीचा वाद मात्र शब्दन् शब्द आठवतो. क्रांती चौकातलं ते दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिस, खाली हॉर्नचा कालवा, आणि तू खुर्ची उलटी करून बसलेला. "पुढची लंगडली म्हून मागच्या बघायच्याच नाय का, दादा? मागची मेली असंल तर?"

मी म्हणालो, "अंकुश, हे सॉफ्टवेअर आहे. मेंढरं नव्हेत."

सगळं ऑफिस हसलं. तूही हसलास, सगळ्यांच्या नंतर. मला तेव्हा आपण फार हजरजबाबी आहोत असं वाटलं. तुझ्या बापाच्या मेंढ्यांनी ज्याचं रान पिकवलं त्यानं चारचौघांत तुला मेंढरं दाखवावीत, हे त्या वेळी माझ्या ध्यानातही आलं नाही. आणि वर मीच लोकांना सांगत फिरायचो की अंकुशला या कंपनीत मी आणलं.

ते सलग दुसरं कोरडं वर्ष होतं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं आणि ते चारी अंगांनी सुटलं होतं. बीड बायपासला सात-सात मजले चढत होते आणि त्यांच्या बोअरमधून नुसता फुफाटा निघत होता. खेड्यांत विहिरींचे तळ दिसायला लागले होते. दोन्हीकडे टँकरच. आपल्याकडे काम आलं ते अशाच एका टँकरच्या कंत्राटदाराचं. कोणता टँकर कुठं किती खेपा करणार, याची यादी रोज सकाळी ड्रायव्हरांच्या मोबाइलवर पाठवायची. त्यात आपला सोयगाव तालुकाही होता.

वस्त्यांची नावं त्या यादीत वेडीवाकडी यायची. एकाच वस्तीची तीन-तीन नावं. मी एका दुपारी कंटाळून वस्त्यांच्या खेपा त्यांच्या मूळ गावात मिळवून टाकल्या. यादी एकदम सुबक झाली. माझ्या डोक्यात वस्ती म्हणजे गावच. आमचं घर गावठाणात, पारापासून दोन मिनिटांवर. वस्तीवरची माणसं दळणाला, दवाखान्याला, मतदानाला आमच्याकडं येतात, तशी पाण्यालाही येतील. असा काही विचार करून मी ते केलं असतं तर निदान चुकीचा विचार केला असं म्हणता आलं असतं. मला प्रश्नच पडला नाही. तीन मैल डोंगर उतरून डोक्यावर हंडा कोण नेणार, हा प्रश्न गावठाणातल्या पोराला पडत नाही.

तुला पडला होता. मी तो बदल करायच्या कितीतरी आधी तू टेस्ट लिहून ठेवली होतीस, की गावापासून लांबच्या वस्तीची खेप यादीत वेगळी दिसली पाहिजे. ती चालली असती तर लाल झाली असती. पण ती चाललीच नाही. गावांची यादी वाचायची जी पहिली टेस्ट होती, ती आपल्या सर्व्हरवर रोज पडायची, कारण तिला लागणारी एक फाइल तिथं ठेवायची राहिली होती. किरकोळ गोष्ट, सगळ्यांना माहीत. आणि त्या पहिलीला मी पुढच्या चाळीसेक टेस्ट बांधून ठेवल्या होत्या. तुझी त्यातच होती.

"दादा, पिवळ्या लई झाल्या."

"पिवळं म्हणजे नापास नाही."

"पास बी नाय ना."

"सोमवारी बघू. साहेबांना आज फक्त लाल किती ते सांगायचंय."

साहेबांना मी सांगितलं, लाल एकच, ओळखीचं. त्यांनी मान हलवली आणि यादी सुरू झाली.

डोंगरामागच्या वस्तीवर पाच दिवस टँकर गेला नाही. तिची खेप गावातच रिकामी होत होती आणि गाववाल्यांना वाटलं, यंदा सरकारला आपली दया आली. तुझी ताई त्याच वस्तीवर दिलेली. पाचव्या दिवशी तिची सासू आटलेल्या विहिरीत वाटीवाटीनं पाणी भरायला उतरली, घसरली आणि तिचा खुबा मोडला. ही बातमी तुला ताईकडून कळली आणि ऑफिसला कंत्राटदाराकडून. दोन्ही एकाच दुपारी.

बैठकीत आपण चौघंच होतो. कंत्राटदार, साहेब, तू, मी. कंत्राटदार तापला होता. "ये टेस्टिंग कौन देखता है तुम्हारे यहाँ?" साहेबांनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, "अंकुश."

खोटं नव्हतं ते. टेस्टिंग तूच बघत होतास. म्हणून तर इतक्या सहज तोंडातून निघालं. त्यापुढं दोन वाक्यं बोलायची होती, की बदल मी केला आणि टेस्ट मी बांधून ठेवल्या. ती दोन वाक्यं माझ्या जिभेवर होती असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. नव्हती, अंकुश. ती जिभेवर येऊच नयेत अशी सोय मी केली होती. तू माझ्याकडं बघितलंस. मी समोरच्या कागदांवर काहीतरी वाचायला लागलो. मग तू म्हणालास, "व्हय, मीच बघतो."

जिन्यात मी तुला गाठलं आणि म्हणालो, राजीनामा देऊ नकोस, मी साहेबांशी बोलतो. तू म्हणालास, "बरं." मी बोललो नाही. आठवडाभरानं तू नोकरी सोडून गेलास, आणि वस्तीवर चूक तुझीच ठरली.

जायच्या दिवशी तू काय करून गेलास ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ती राहिलेली फाइल तू सर्व्हरवर ठेवलीस. दहा मिनिटांचं काम, जे मी दोन महिने 'सोमवारी बघू' म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा उघडला तर पिवळं एकही नाही. सगळं हिरवंगार आणि मधोमध एक लाल. तुझी वस्तीची टेस्ट. कंत्राटदारानं तोवर ती वस्ती यादीत हातानं घालून घेतली होती, पण माझी चूक तशीच बसलेली होती. मी इकडं-तिकडं बघितलं, माझ्याच दोन चुकलेल्या ओळी बदलल्या, ते लाल हिरवं केलं आणि नोंदीत लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'. तू मला ओरडू शकला असतास, साहेबांना मेल करू शकला असतास. तू फक्त टेस्ट चालती केलीस.

मग तू मुकुंदवाडीत, स्टेशनच्या अलीकडं, कॉम्प्युटर क्लासवर शिकवायला लागलास. मी मोठ्या कंपनीत गेलो, तिथंही चढलो. एकदा मुलाखतीला जालन्याकडची एक मुलगी आली. विचारलं, टेस्टिंगबद्दल काय येतं? ती म्हणाली, "आमचे सर सांगतात, न चाललेली टेस्ट पास धरायची नाही." मी सरांचं नाव विचारलं नाही. तिला मात्र लगेच घेतलं. ती आजही माझ्या टीममध्ये आहे आणि मला तिची भीती वाटते.

तू फोन मात्र करायचास. दोन-तीन महिन्यांनी, ठरल्यासारखा. "दादा, तुमच्या नव्या फ्रेमवर्कची नवी आवृत्ती आलीय, बघितली का? आलेख अजून रंगीत केल्यात म्हणं." मी चिडायचो, तू खिदळायचास, आणि आपण अर्धा तास टेस्ट कशी असावी यावर भांडायचो. त्या बैठकीचा विषय तू एकदाही काढला नाहीस. मी मनात म्हणायचो, विसरला असेल. स्वतःची इतकी सोय बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

माझी आई दवाखान्यात होती तेव्हा तू मुकुंदवाडीहून रोज डबा घेऊन आलास. बारा दिवस. वहिनींच्या हातची ज्वारीची भाकरी आणि पातळ पिठलं. आईला दुसरं काही जाईना. एका दुपारी बाहेरच्या बाकड्यावर बसलो होतो आणि मला वाटलं, आता सांगावं. मी म्हणालो, "अंकुश, तू म्हणत होतास ते बरोबर होतं."

"कोनतं?"

"टेस्ट बांधायच्या नाहीत ते."

तू माझ्याकडं जरा वेळ बघत राहिलास. तुला वाटलं असेल, अजून काही येतंय. मग म्हणालास, "मंग शेवटी जुनंच घेतलं का?"

"घेतलं. नव्या कंपनीत जुनंच आहे."

तू इतक्या मोठ्यानं हसलास की नर्स बाहेर आली. मीही हसलो. लहान चूक कबूल करून मोठी लपवली, आणि वर हलकंही वाटलं मला. आई बरी होऊन घरी आली. तिचे ते बारा दिवस तू सांभाळलेस, हे मी कधी विसरणार नाही, आणि त्याच बारा दिवसांत माझ्याकडं सांगायला भरपूर वेळ होता हेही.

तू छातीत कळ येऊन क्लासवरच गेलास, फळ्यापुढं. फळ्यावर काय लिहिलं होतंस ते विचारायचा मला धीर झाला नाही.

काल तुझा दहावा होता. गावी, नदीच्या पात्रात. विधी आटोपले, माणसं लिंबाखाली बसली. आबा काठी टेकत आले आणि माझ्याजवळ बसले. त्यांनी आता मेंढ्या ठेवल्या नाहीत, पण अंगाला तोच वास आहे.

"मालक, एक इचारू का?"

"विचारा ना, आबा."

"तुमी त्याच्या संगट व्हता. पोराच्या हातून खरंच वस्तीचं पानी तुटलं व्हतं का?"

आणि मी काय म्हणालो असेन? तुझा दहावा, तुझा बाप समोर, आणि मी म्हणालो, "आबा, सिस्टिममध्ये चूक होती."

"म्हंजी कुनाची?"

एवढा साधा प्रश्न साहेबांनी विचारला असता तर? पण साहेबांना कशाला मधे आणू. मी म्हणालो, "माझी, आबा. यादी मी बदलली. अंकुशनं मला आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आणि विचारल्यावर नाव त्याचं सांगितलं."

मला वाटलं, रडतील किंवा शिवी देतील. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"मला सांगून काय फायदा," ते म्हणाले. "मी बाप हाय. मी ते कवाच मानलं नव्हतं. ते वस्तीवरचे बसल्यात तिकडं. त्यायला सांगा. आत्ता सांगा." आणि त्यांनी माझं मनगट धरून मला उठवलं. म्हाताऱ्याच्या हातात अजून जोर आहे.

मी उभा राहिलो. पंधरा-वीस माणसं होती, बाया एका बाजूला. आयुष्यभर मी मोठमोठ्या पडद्यांपुढं उभा राहून बोललोय. पण फ्रेमवर्क, टेस्ट, यातलं काहीच तिथं सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, "आठ वर्षांपूर्वी तुमच्या वस्तीची टँकरची खेप माझ्यामुळं बंद पडली होती. अंकुशमुळं नाही. त्यानं मला अडवलं होतं."

एकानं तंबाखू थुंकली. ताई पदर तोंडाला लावून खाली बघत होती.

मग तिची सासू बोलली. शेजारी काठी, एक पाय सरळ पसरलेला. "मंग तो आमच्या घरचं पानी कामून पीत नव्हता?"

मला कळेना. ताईनं सांगितलं. आठ वर्षं तू भाऊबीजेला, राखीला वस्तीवर जात होतास. भाकरी खायचास, पोरांना खांद्यावर घ्यायचास, पण पाणी घरून बाटलीत नेलेलं प्यायचास. बहिणीच्या दारातलं पाणी घोटभरही घेतलं नाहीस.

"आमाला वाटलं, पाप त्याचंच हाय म्हून पीत नाय," म्हातारी म्हणाली. "येकदा मी लई आग्रह केला. तवा म्हनला, आजी, मला ठावं व्हतं. मी नुसतं बोललो. मी वरडायला पायजे व्हतं."

माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. ऊन डोक्यावर आलं होतं. म्हातारीनं त्यांच्या वस्तीवरून आणलेल्या कळशीतून तांब्या भरला आणि माझ्यापुढं सरकवला. म्हणाली, "घ्या, घसा वाळला आसंल तुमचा."

मी प्यायलो, अंकुश. सगळा तांब्या प्यायलो.